डर्बीशायरच्या ओस खाणी आणि त्यांचे हौशी नोंदकरी

इंग्लंडच्या मध्यभागी, डर्बी शहराच्या उत्तरेस, मोटारीने तासाभराच्या अंतरावर पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ प्रदेश लागतो. १९५१ साली ब्रिटनने आपले पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून जो भूभाग राखून ठेवला तो हाच. हिरवीगार कुरणे, चुनखडीच्या दगडांचे चुन्यामातीविना रचलेले गडगे, त्यांत चरणाऱ्या मेंढ्या, असे येथील दृश्य आहे. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत याचीच छायाचित्रे असतात. परंतु एखाद्या टेकडीवर उभे राहून नीट पाहिले तर या कुरणांना छेदून जाणाऱ्या उंचवट्यांच्या लांबच लांब रांगा दिसू लागतात. एखाद्या अवाढव्य नांगराने मैलभर तास ओढावे आणि मग शेत तसेच टाकून निघून जावे, तशा त्या दिसतात. ह्या शिशाच्या जुन्या खाणी होत. शिशाचा साठा जमिनीत उभ्या भिंतीसारख्या पट्ट्याने असे. त्या पट्ट्याला येथे रेक म्हणतात आणि त्याच्या मागोमाग माणसे शतकानुशतके खणत गेली. खाणी बंद पडल्या, गवत उगवले, आणि खाली राहिलेल्या पोकळीचा हिशेब कोणापाशीच उरला नाही.

आपल्या समाजातील अनेकांची मुले-मुली आज इंग्लंडात स्थायिक आहेत. आईवडील उन्हाळ्यात तेथे जातात, लंडन पाहतात आणि लेस्टरच्या मंदिराचे दर्शन घेऊन परततात. लेस्टरचे मंदिर तर अवश्य पाहावे. ओस पडलेल्या जुन्या चर्चची वास्तू घेऊन समाजाने तेथे मंदिर उभारले आणि १९८८ साली प्रतिष्ठा झाली. श्वेतांबर, दिगंबर, स्थानकवासी आणि श्रीमद् राजचंद्रांचे अनुयायी अशा सर्वांना तेथे एकाच छपराखाली जागा आहे. आम्ही उभयतांनीही हे सर्व केले. परंतु आमची कन्या डर्बीस राहते आणि आमच्या जावईबापूंना एक आगळा छंद आहे. महिन्यातून एक-दोन रविवारी ते डोक्यावर दिवा लावलेले शिरस्त्राण घालून, काही सोबत्यांसह, जुन्या खाणींत उतरतात, त्यांची मोजमापे घेतात आणि नकाशे काढतात. त्यामुळे आमचा पाच महिन्यांचा मुक्काम लंडनपेक्षा ह्या कुरणांत अधिक गेला.

ह्या हौशी मंडळींत एक निवृत्त शाळामास्तर, एक वीजतंत्री, एक परिचारिका आणि एक भूमापक आहेत. जावईबापू अभियंते आहेत. ह्यातून कोणासही एक पेन्सही मिळत नाही, उलट पदरचे जाते. असे गट तेथे गावोगावी आहेत. डर्बीशायरपुरते बोलावयाचे तर पीक डिस्ट्रिक्ट माइन्स हिस्टॉरिकल सोसायटी ही संस्था १९५९ साली स्थापन झाली आणि आजही ती स्वतःची शोधपत्रिका काढते. मॅटलॉक बाथ या नदीकाठच्या गावी तिने उभारलेले खाणींचे संग्रहालय आहे. तेथे १८१९ साली बनवलेले, पाण्याच्या दाबावर चालणारे एक भलेमोठे लोखंडी इंजिन उभे आहे. विन्स्टर गावाजवळच्या खाणीत ते खोल तळाशी पडून होते. १९७० च्या दशकात संस्थेच्या सभासदांनी ते सुटे करून वर आणले आणि पुन्हा जोडले. पगारी कामगार लावून हे काम करावयाचे म्हटले असते तर कोणत्या बँकेने त्यास कर्ज दिले असते, याची मला शंकाच आहे.

खाणीचा व्यवसाय आपल्याकडे पूर्वापार वर्ज्य मानला गेला. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत जमीन फोडून उपजीविका करण्याचा, म्हणजे फोडीकर्माचा, स्पष्ट उल्लेख आहे. पृथ्वीकायिक जीवांची हिंसा हे त्याचे कारण. आज कोण किती पाळतो हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. सौभाग्यवतीने हा मुद्दा पहिल्याच दिवशी जेवताना काढला. जावईबापूंचे उत्तर असे, की आम्ही नवे काही फोडत नाही. वाट अडवणारा कोसळलेला राडारोडा क्वचित बाजूस करतो, बाकी जे आहे ते जसेच्या तसे राहू देतो. खाणीतून काहीही उचलून आणावयाचे नाही, गॅलेनाचा चकाकणारा खडासुद्धा नाही, हा या मंडळींचा दंडक आहे, आणि तो मोडणाऱ्यास पुन्हा सोबत नेत नाहीत. हे ऐकून सौभाग्यवतीचे निम्मे समाधान झाले.

आता व्यापारी वाचकांना ज्यात गोडी वाटेल तो भाग सांगतो. या प्रदेशात शिसे रोमन काळापासून निघत आले आहे. लुटुडारम हे स्थलनाम कोरलेल्या त्या काळच्या शिशाच्या लगडी सापडलेल्या आहेत. मध्ययुगात येथे एक विलक्षण कायदा रूढ झाला. १२८८ साली अ‍ॅशबोर्न येथे राजाज्ञेने चौकशी भरली आणि खाणकऱ्यांचे परंपरागत हक्क लेखी नोंदले गेले. राजाच्या अधिकारातील क्षेत्रात कोणीही मनुष्य, मग ती जमीन कोणाचीही असो, शिशाचा शोध घेऊ शकत असे. अपवाद फक्त स्मशानभूमी, घराची बाग, फळबाग आणि राजमार्ग. शिसे सापडले की त्याने बारमास्टर नावाच्या अधिकाऱ्यास एक माप खनिज द्यावयाचे, म्हणजे खाण त्याच्या नावावर लागे. पुढे उत्पन्नाचा ठराविक हिस्सा स्वामित्वशुल्क म्हणून द्यावा लागे. तो बहुतेक ठिकाणी तेराव्या मापाइतका असे.

हे माप म्हणजे डिश. आपल्या पायलीसारखेच हे धारण-माप, पण आकाराने लांबट चौकोनी. वर्कस्वर्थ गावी १५१३ सालची, आठव्या हेन्री राजाच्या काळची, कांशाची प्रमाण डिश आजही जतन केलेली आहे. व्यापारी व खाणकरी यांना केव्हाही येऊन आपली मापे पडताळून पाहता यावीत म्हणून ती साखळीने टांगून ठेवावी, अशा आशयाचा मजकूर तिच्यावरच कोरलेला आहे. मापात खोट नको, आणि ज्याला संशय येईल त्याने स्वतः येऊन पाहावे, ही व्यवस्था पाचशे वर्षांपूर्वीची आहे. आपल्या बाजारपेठांत वजनमापांवरून किती भांडणे होत ते ज्यांनी आडत दुकानात बालपण काढले त्यांना सांगावयास नको.

या खाणकऱ्यांचे स्वतंत्र न्यायालय होते, त्याचे नाव बारमोट. ते अद्याप आहे! खाणी बंद पडल्या तरी वर्कस्वर्थच्या मूट हॉलमध्ये एप्रिलात वर्षातून एकदा ते भरते. ज्यूरी शपथ घेतात आणि रिवाजाप्रमाणे मातीच्या चिलमी, तंबाखू, पाव आणि चीज यांचे वाटप होते. आम्ही मे महिन्यात पोहोचलो, त्यामुळे इमारत बाहेरून पाहण्यावरच समाधान मानावे लागले. १८१४ सालची ही वास्तू अगदी साधी, एखाद्या सहकारी पतसंस्थेच्या कार्यालयाएवढी आहे.

बँकेत छत्तीस वर्षे घालवलेल्या माणसाला त्यातील एक नियम विशेष आवडावा, यात नवल नाही. खाण घेऊन ती काम न करता अडवून ठेवली, आणि पाणी भरणे अथवा हवा दूषित होणे हे कारण नसले, तर दुसरा कोणीही तक्रार करू शके. मग बारमास्टर येऊन त्या खाणीवरच्या रहाटाच्या लाकडी चौकटीवर सुरीने एक खाच पाडी. तीन आठवड्यांनी दुसरी, आणखी तीन आठवड्यांनी तिसरी. तिसऱ्या खाचेनंतर खाण दुसऱ्यास मिळे. अनुत्पादक कर्जाचा आमचा नव्वद दिवसांचा नियम याहून फारसा निराळा नव्हता. फरक इतकाच की त्यांची खाच सर्वांना दिसे, आमची संगणकात असे.

खाणकऱ्यांच्या दैन्याचे वर्णन रॉबिन्सन क्रूसोचा कर्ता डॅनियल डीफो याने केले आहे. १७२० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ह्या भागातील एक कुटुंब येते. ते खडकातील गुहेत राहते. घर स्वच्छ, मुले नीटनेटकी. नवरा दिवसाकाठी नशीब असेल तर पाच पेन्स मिळवी, आणि बायको खनिज धुण्याच्या कामावर तीन. पुढे डीफोच्या डोळ्यांदेखत जमिनीतील एका अरुंद भोकातून एक मनुष्य वर येतो. अंगावर चामडे, वर्ण शिशासारखा फिकट, आणि बोली अशी की दुभाष्या लागला. शिशाच्या विषाला येथील लोक बेलंड म्हणत. ते केवळ माणसांना नव्हे, तर खनिजाच्या ढिगाऱ्यांवर चरणाऱ्या गुरांनाही बाधे. गुरे तिकडे फिरकू नयेत म्हणून कित्येक रेकच्या कडेने झाडे लावलेली आहेत. दुरून राईसारखा दिसणारा झाडांचा सरळ पट्टा दिसला की खाली खाण आहे असे समजावे, हे मला जावईबापूंनी शिकवले. त्या विषारी मातीतच वसंतात एक इवले पांढरे फूल येते. त्याचे स्थानिक नावच मुळी लेडवर्ट, म्हणजे शिशाची वनस्पती.

शेल्डन गावाजवळची मॅगपाय खाण मी चार वेळा पाहिली. बेकवेलपासून तीन मैलांवर उघड्या माळावर दगडी इंजिनघराच्या भिंती आणि दोन धुरांडी उभी आहेत, एक चौकोनी, एक गोल. वारा अखंड वाहतो. खाणीची मुख्य विहीर सातशे फुटांहून अधिक खोल आहे आणि आता तिच्यावर जाळी आहे. येथील काम अनेकदा बंद पडले, अनेकदा सुरू झाले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस कायमचे थांबले. आज तेथे वर सांगितलेल्या संस्थेचे ठाणे आहे.

ह्या खाणीच्या इतिहासात एक काळे पान आहे. शेजारी रेडसॉइल नावाची दुसरी खाण होती. दोन्हींच्या कामगारांनी खणत खणत जमिनीखाली एकमेकांस गाठले आणि शिशाचा पट्टा कोणाचा यावरून तंटा माजला. न्यायालयात वाद चालू होतेच, परंतु निकालाची वाट पाहण्याइतका धीर कोणास नव्हता. शत्रूस हुसकावण्यासाठी भुयारात आग पेटवून धूर सोडण्याचा प्रकार दोन्ही बाजूंनी होऊ लागला. १८३३ साली अशाच एका आगीच्या धुराने रेडसॉइलचे तीन कामगार गुदमरून मेले. मॅगपायच्या कामगारांवर खुनाचा खटला भरला आणि पुढच्या वर्षी डर्बीच्या न्यायालयात ते सर्व निर्दोष सुटले. त्या तिघांच्या विधवांनी खाणीस शाप दिला असे म्हणतात. शापावर माझा विश्वास नाही. परंतु पुढे १२५ वर्षे एकामागून एक कंपन्यांनी येथे पैसा ओतला आणि बहुतेकांचा बुडाला, हे खरे. कारण पाणी. जितके खोल जावे तितके पाणी अधिक. १८६९ मध्ये कॉर्निश धाटणीचे मोठे वाफेचे पंपइंजिन बसवले, तेही पुरेना.

मग त्यांनी दरीतील नदीपासून खाणीच्या पोटापर्यंत मैलाहून अधिक लांबीचा बोगदा खणला. तो १८७३ ते १८८१ अशी आठ वर्षे चालला. अशा जलनिःसारक बोगद्यास येथे सफ म्हणतात. कठीण खडकामुळे खर्च हाताबाहेर गेला आणि गुंतवणूकदार त्यातून सावरले नाहीत. १९६६ साली हा सफ आत कोसळून तुंबला आणि मागे साचलेल्या पाण्याने एके दिवशी टेकडीचा उतारच फोडला. १९७४ मध्ये तो मोकळा करून त्याचे तोंड पुन्हा बांधले. आज वाय नदीच्या काठी कमानीतून थंड, स्वच्छ पाणी बाहेर येते. पंच्याऐंशी वर्षे कोणी लक्ष दिले नाही म्हणून बोगदा नाहीसा झाला नव्हता, तो आपले काम करीतच होता. जमिनीखालच्या ह्या वस्तूंची नोंद का ठेवावी, याचे याहून चांगले उत्तर मला कोणी दिले नाही.

सफच्या पाण्यावरून आणखी एक गोष्ट आठवली. क्रॉमफर्ड येथे रिचर्ड आर्कराइटने १७७१ साली पाण्याच्या शक्तीवर चालणारी सूतगिरणी सुरू केली, आणि यंत्रयुगातील कारखानदारीचा तो आरंभ समजला जातो. मँचेस्टरपासून सोलापूर-इचलकरंजीपर्यंत पुढे जे घडले त्याचे मूळ येथे. ती गिरणी ज्या पाण्यावर फिरे त्यातील मोठा वाटा क्रॉमफर्ड सफचा, म्हणजे शिशाच्या खाणींतून काढून दिलेल्या पाण्याचा होता. ते हिवाळ्यात गोठत नसे. पुढे त्याहून खोल मीरब्रुक सफ खणला गेला, पाणी तिकडे वळले, आणि गिरणीचा झरा आटू लागला. कोर्टकचेऱ्या झाल्या, पाणी मात्र परतले नाही. दुसऱ्याच्या टाकाऊ मालावर उभा केलेला धंदा किती भक्कम असतो, यावर एक व्याख्यान देता येईल. ते मी येथे आवरतो.

ही मंडळी नोंद कशी करतात ते आता सांगतो. पूर्वी होकायंत्र, उतारमापक आणि फीत ही तीन साधने असत. आता लेझरने अंतर, दिशा आणि उतार एकदम मोजणारे मुठीएवढे यंत्र वापरतात. एकजण पुढे जाऊन खूण धरतो, दुसरा यंत्र रोखतो, तिसरा चिखलाने माखलेल्या वहीत आकडे लिहितो आणि भिंतींचे रेखाटन करतो. दिवसभरात दोनशे फूट झाले तरी समाधान मानतात. घरी आल्यावर संगणकात आकडे भरतात, आणि सुरुवातीच्या बिंदूपाशी फिरून आल्यावर किती तफावत राहिली ते पाहतात. ताळा जमला नाही तर पुन्हा जाऊन मोजतात. शिवाय छिन्नीचे व्रण, भिंतीवर कोरलेली आद्याक्षरे आणि साले, लाकडी रूळ, सोडून दिलेली बादली, प्रत्येकाचे छायाचित्र आणि जागा टिपतात. एक छायाचित्र माझ्या मनातून जात नाही. खाणकरी मेणबत्ती खडकास चिकटवण्यासाठी चिकणमातीचा गोळा दाबीत. असा एक गोळा एका भुयारात तसाच आहे आणि त्यावर अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या आहेत. आपल्याकडील जुन्या दस्तांवर असतो, अगदी तसाच तो अंगठा. फक्त कोणाचा ते लिहिलेले नाही. जुने खाणकरी आणि त्यांनी करून ठेवलेले काम, दोन्हींसाठी येथे एकच शब्द आहे, टाउड मॅन, म्हणजे म्हातारबाबा. ‘हे म्हातारबाबाचे काम आहे’ असे ते आदराने म्हणतात.

हा निव्वळ छंद नव्हे. बंद होणाऱ्या खाणींचे नकाशे सरकारकडे जमा करण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १८७२ च्या कायद्यापासून आली. त्यापूर्वीच्या बहुसंख्य खाणींचे नकाशेच नाहीत. वर घरे, रस्ते, गुरे आणि खाली पोकळी. आपल्याकडेही याची किंमत मोजली गेली आहे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाळा कोळसा खाणीत शेजारच्या सोडून दिलेल्या जुन्या खाणीतील पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार बुडून मेले. त्या वेळी मी शाळकरी होतो. वर्तमानपत्रातील यादी वडिलांनी मोठ्याने वाचली होती, ते मला आठवते.

परंतु घरच्या माणसांना हे सर्व पटवणे सोपे नसते. जूनमधील एका रविवारी चौघेजण एका जुन्या खाणीत उतरले. त्यांचा नियम असा, की वर राहणाऱ्या एका जबाबदार माणसापाशी चिठ्ठी ठेवून जावयाचे. खाणीचे नाव, नकाशावरील जागा, कोण कोण गेले, बाहेर येण्याची वेळ, आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप न आल्यास ९९९ वर पोलिसांस कळवून गुहा-बचाव पथक मागवावयाचे, असे सर्व त्यात असते. त्या दिवशी चिठ्ठी माझ्यापाशी होती. “पप्पा, सात म्हणजे सात. सव्वासातपर्यंत थांबायचं नाही आणि पावणेसातला घाबरायचं नाही,” असे बजावून जावईबापू गेले. बाहेर येण्याची वेळ पाचची होती.

साडेपाच झाले, सहा झाले. सौभाग्यवती नवकाराची माळ घेऊन खिडकीपाशी बसली. मुलगी एकही शब्द न बोलता पोळ्या लाटत होती. चौघांपुरत्या पोळ्या केव्हाच झाल्या होत्या, तरी लाटतच होती. चार वर्षांचा नातू “डॅडी कधी येणार” असे आजीस विचारून पुन्हा गाड्या खेळू लागे. इंग्लंडातील जूनचा सूर्य रात्री साडेनऊपर्यंत मावळत नाही. एरवी चौविहार पाळणाऱ्यांची ती मोठीच सोय. त्या दिवशी मात्र तो उजेड नकोसा वाटला. सहा वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. सर्व सुखरूप होते. पुढे जाताना त्यांना पायाखालची जमीन पोकळ वाजली. जुन्या काळी खोदलेल्या पोकळीत आडवी लाकडे ठोकून त्यांवर टाकाऊ दगड रचीत. दोनशे वर्षांत ती लाकडे कुजतात आणि वरचे दगड केवळ सवयीने टिकून राहतात. म्हणून ते मागे फिरले आणि लांबच्या वाटेने वर आले. त्यात शाळामास्तरांचा गुडघा मुरगळला, म्हणून उशीर.

त्या रात्री नवराबायकोंत बोलणे झाले. आम्ही आमच्या खोलीत गेलो. काय ठरले ते त्यांचे आहे. मला दिसले ते एवढेच, की त्यानंतर जावईबापू आधी मोजून झालेल्या खाणींतच उतरले, आणि नव्या वाटांच्या वेळी वर थांबून आकडे जुळवू लागले. माझे मत विचाराल तर ते आजही दुभंगलेलेच आहे. ज्या अक्कलहुशारीने ते मागे फिरले तिचे मला कौतुक वाटते. परंतु मुलीच्या हातातील ते लाटणेही मी पाहिले आहे.

हिवाळ्यात ही मंडळी बहुतेक खाणींत पाऊल ठेवीत नाहीत. वटवाघळे तेथे शीतनिद्रा घेतात, आणि १९८१ च्या कायद्याने त्यांना त्रास देणे गुन्हा आहे. एकदा झोपमोड झाली तर साठवलेली चरबी खर्ची पडून वसंतापूर्वीच ती मरू शकतात. म्हणून खाणींच्या तोंडावरील लोखंडी दारांना आडवे गज बसवतात, माणूस अडावा आणि वटवाघूळ जावे अशा अंतराने. असे एक दार वर्गणी काढून बसवले गेले तेव्हा सौभाग्यवतीने आपणहून वीस पौंड दिले. तिच्या समाधानाचा राहिलेला निम्मा भाग तेथे पुरा झाला असावा.

ज्यांना जावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. डर्बीहून मॅटलॉककडे जाणारी लहान रेल्वे क्रॉमफर्ड आणि मॅटलॉक बाथ येथे थांबते. गिरणी आणि संग्रहालय एका दिवसात होतात. संग्रहालयाच्या समोरच टेंपल माइन नावाची लहान खाण आहे. १९२० च्या सुमारापासून १९५० च्या दशकापर्यंत तेथे फ्लोरस्पार हे खनिज काढीत. मार्गदर्शकासह आत जाता येते आणि साठी ओलांडलेल्यांनाही ते झेपते. आम्ही दोघे जाऊन आलो. आत थंडी असते, स्वेटर हवा. मॅगपाय खाणीचा वरचा परिसर शेल्डन गावातून पायवाटेने पाहता येतो, पण तेथे खाण्यापिण्याचे काहीही मिळत नाही. दशम्या आणि खाकरा सोबत असू द्यावा. मार्गदर्शकाविना कोणत्याही भोकात डोकावू नये, नातवंडांचा हात सोडू नये.

माझ्या वाट्याला मात्र कोरडे काम आले. एका बंद पडलेल्या खाणीच्या हिशेबवहीच्या छायाप्रती गटाकडे होत्या आणि त्यांतील बेरजा कोणास लागत नव्हत्या. बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. आजच्या इंग्रजाला ते जमत नाही. बार्शीस आजोबांच्या आडत दुकानातील रोजमेळ आणि खतावण्या वडिलांनी मला मुद्दाम वाचावयास लावल्या होत्या. तेथे बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. भागीदारीही आण्यांतच, कोणाची चार आणे, कोणाची दोन. खाणीतील भाग चोविसांशात मोजलेले होते, आणि एका विधवेकडे चोविसांशाचाही अर्धा होता. खर्चाच्या बाजूस चरबीच्या मेणबत्त्या, दोर, बारूद, लोहाराचे काम, आणि दर सहा आठवड्यांनी हिशेबाच्या दिवशीचे जेवण. जेवण आमच्या दुकानातही असे, बलिप्रतिपदेला, वहीपूजन झाल्यावर.

त्या वह्या बार्शीच्या माडीवर अद्याप आहेत. धाकट्या बंधूंनी माडी पाडण्याचे ठरवले आहे आणि रद्दीवाला येऊन भावही करून गेला होता. मी डर्बीहून फोन करून त्यांना दिवाळीपर्यंत थांबण्यास सांगितले. “दादा, त्यात आहे काय? सगळी देणेकरी मंडळी मेली,” असे ते म्हणाले. थांबले मात्र. परत आल्यापासून पुतण्या रविवारी पाने उलटतो आणि मोबाइलवर छायाचित्रे घेतो. आतापर्यंत १९३८ पर्यंत पोहोचलो आहोत.

डर्बीची पानेही येतच असतात. मागील महिन्यात आलेल्या अकरा पानांची बेरीज मी दोनदा केली. साडेचार पेन्सांचा फरक निघतो. तो बहुधा दोराच्या खात्यात आहे.